पाच महिन्यांत छत्तीस किलो

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. चेहरा मात्र दोघींचा एकच. तेच रुंद कपाळ, तीच जराशी वर चढलेली डावी भुवई, हनुवटीवर तीच खळी. लहानपणी घरी कुणी आलं की म्हणायचं, साचा एकच आहे, पीठ तेवढं कमीजास्त पडलंय. सगळे हसायचे. ताईही हसायची. मी जरा जास्तच हसायचे, कारण कमी पीठ माझ्या वाट्याला आलं होतं.

आईने तिच्यावर माया कमी केली असं कुणी म्हणणार नाही. पण वाढताना आईचा हात माझ्या ताटाशी सैल असायचा आणि ताईच्या ताटाशी आखडायचा. "तुला आता पुरे ना गं?" असं ती विचारायची, आणि उत्तराची वाट न बघता भांड्यावर झाकण ठेवायची. ताई "हो" म्हणून उठायची. तिने कधी आदळआपट केली नाही, म्हणून आम्हाला वाटायचं की तिला त्याचं काही वाटत नसावं.

शिक्षण झाल्यावर ताई एका तपासणी लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला लागली. तिचा हात इतका हलका की सुई गेलेली कळायची नाही. अंगाने जाड असलेल्या माणसांची शीर पटकन सापडत नाही. दुसऱ्या लॅबमध्ये तीन-तीन वेळा टोचून घेतलेली, वर "थोडं वजन उतरवा, मग त्रास होणार नाही" हे ऐकून आलेली माणसं ताईला शोधत यायची. ती डोळे मिटून दोन बोटांनी कोपराच्या खळग्यात चाचपायची आणि एका फटक्यात काम उरकायची. तिच्या खुर्चीसमोर कायम रांग असायची.

मी तेविसाव्या वर्षी वजन कमी करण्याच्या एका केंद्रात स्वागतिका म्हणून लागले. औषधांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर ते केंद्र होतं. गुलाबी भिंती, काचेचं दार, आणि आतल्या बाजूला पडद्याआड वजनाचा काटा. येणाऱ्या बायकांना हसून बसवायचं, आत नेऊन वजन करायचं, आकडा त्यांच्या कार्डावर लिहायचा, हे माझं काम. वजन उतरलं असेल तर कार्डावर हिरवी चांदणी चिकटवायची. वाढलं असेल तर काय करायचं, ते आमच्या मॅडमनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं.

"काही बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "फक्त त्यांच्याकडे एक क्षण जास्त बघायचं."

ते बघणं मला फार लवकर जमलं.

दर गुरुवारी शाळा सुटल्यावर एक गणिताच्या बाई यायच्या. बाहीला खडूची भुकटी, खांद्याला वह्यांची जड पिशवी. त्या कधी दांडी मारत नसत, दिलेला कागद तंतोतंत पाळत, आणि तरी त्यांच्या कार्डावर चांदण्या कमीच. काट्यावर चढण्याआधी त्या चष्मा, घड्याळ, कानातलं सगळं काढून ठेवायच्या. मी त्यांच्याकडे एक क्षण जास्त बघायचे. त्या मान खाली घालून म्हणायच्या, "माझंच कुठेतरी चुकतंय."

केंद्र सुरू होऊन वर्ष झालं तेव्हा मॅडमना दर्शनी भागात एक मोठा बोर्ड हवा होता. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. पण दाखवण्यासारखी बाईच मिळेना. ज्यांचं सात-आठ किलो उतरलं होतं त्यांच्या दोन फोटोंत कुणाला फरक दिसत नव्हता, आणि ज्यांचा फरक दिसत होता त्या तयार नव्हत्या. त्याच सुमारास मी घराची किल्ली विसरले म्हणून ताई ती द्यायला केंद्रात आली. मॅडमचा फोटोग्राफर तिथेच बसला होता. त्याने ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत ताईकडे. ताई गेल्यावर तो आत गेला आणि पाचच मिनिटांत मॅडमनी मला बोलावलं.

"यात खोटं असं काही नाही गं," मॅडम म्हणाल्या. "असं होऊ शकतं, एवढंच दाखवायचंय. आणि तुझं कायम होण्याचं पत्र मी याच महिन्यात काढणार आहे."

मी ताईला सांगितलं की केंद्रातल्या लोकांच्या घरच्यांची तपासणी होते, फाईलला लावायला फोटो लागतो. ती सुट्टीच्या दिवशी आली, तिचा नवा निळा ड्रेस घालून. त्यांनी तिला तो बदलायला लावून एक राखाडी, पोत्यासारखा गाऊन दिला. खांदे सोडा म्हणाले, हसू नका म्हणाले, केस मागे घट्ट बांधायला लावले.

"फाईलसाठी काढताय की पोलिसांसाठी?" ताईने विचारलं. दिवा धरून उभा असलेला माणूस तेवढा हसला.

माझा फोटो पुढच्या आठवड्यात काढला. माझा मेकअप केला, केसांवर पंखा सोडला आणि खूप हसायला सांगितलं.

बोर्ड लागला. दोन चेहरे शेजारी शेजारी आणि खाली जाड अक्षरांत: पाच महिन्यांत छत्तीस किलो. ताईची लॅब शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. ती या रस्त्याला कशाला येतेय, अशी मी स्वतःची समजूत घातली. अकरा दिवस माझा जीव टांगणीला होता. बाराव्या दिवशी संध्याकाळी ताई घरी आली, हात धुतले आणि आईच्या समोर, माझ्या शेजारी येऊन बसली.

"आज एका पेशंटने मला विचारलं, परत वाढलं का म्हणून."

"काय परत वाढलं?" आईने विचारलं.

"वजन. त्या म्हणाल्या, बोर्डावर तुमचा फोटो पाहिला. एवढी मेहनत करून परत वाढू दिलंत, फार वाईट वाटलं."

आईला फोटोबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मी जे काही तुटक तुटक बोलले त्यावरून तिला कळलं.

"मग तू काय सांगितलंस त्यांना?" मी विचारलं.

"हो म्हटलं. वाढलं परत."

"असं का सांगितलंस?"

"सुई हातात होती," ताई म्हणाली. "शीर सापडली होती. तेव्हा वाद घालत नाहीत."

आई समजुतीच्या सुरात म्हणाली, "जाऊ दे गं. निदान लोकांना वाटेल तरी की तू एकदा बारीक झाली होतीस."

ताई उठून आतल्या खोलीत गेली. मी तिच्या मागे जायला हवं होतं. दारापर्यंत गेलेही. पण जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखं मला उठवलं, मी नेहमीसारखी उठले आणि तो विषय तिथेच मिटला, असं मी धरून चालले. माझं कायम झाल्याचं पत्र आलं. बोर्ड चार वर्षं तिथेच होता.

पुढची वर्षं भरभर गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली. बाळंतपणानंतर वाढलेलं अंग उतरेना. मग थायरॉईड निघाला आणि आणखी वाढलं. मॅडम एक दिवस गोड आवाजात म्हणाल्या, "समोर नवीन मुलीला बसू दे, तू आतले फोन सांभाळ." आतल्या खोलीला खिडकी नव्हती. वर्षभराने मी आपणहून नोकरी सोडली. बोर्डावरची हसरी बाई खुद्द बोर्डाखालून चालत गेली असती तरी आता तिला कुणी ओळखलं नसतं.

त्यानंतर मी काय काय केलं नाही? डब्यातल्या पावडरी प्यायले. पोटाला थरथरणारा पट्टा बांधला. आठ तासांच्या आत जेवले आणि सोळा तास घड्याळाकडे बघत बसले. मनगटावर एक यंत्र बांधलं, ते मला उठ म्हणायचं आणि मी उठायचे. माझे अकरा किलो चार वेळा उतरले आणि चार वेळा परत आले. म्हणजे एकूण चव्वेचाळीस किलो मी कमी केले आहेत, बोर्डावरच्या बाईपेक्षा आठ जास्त. हे मी ताईला एकदा हसत सांगितलं. ती हसली नाही. "दमली असशील," एवढंच म्हणाली.

ताईने लग्न केलं नाही. दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली होती. एका मुलाच्या आईने वजन किती ते समोरच विचारलं तेव्हा ताईने बरोबर आकडा सांगितला आणि चहाचे कप उचलून आत गेली. पुढे ती लॅबची मुख्य झाली, नव्या मुलींना शिकवायला लागली. आई गेल्यावर ती माझ्या घराजवळ राहायला आली आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायला लागली.

या वीस वर्षांत आमच्या आजूबाजूचं बोलणंच बदललं. दुकानांच्या काचेत जाडजूड पुतळे उभे राहिले, अंगावर छान बेतलेले कपडे घालून. कॉलेजात, ऑफिसात कुणी कुणाला जाडी म्हटलं तर भुवया उंचावायला लागल्या. आमच्या केंद्राने पाटीवरून आधी वजन हा शब्द काढला आणि फिटनेस लिहिलं, मग तेही काढून वेलनेस लिहिलं. एका रविवारी मी लेकीला वाढत होते. ती तेव्हा अठरा वर्षांची. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "तुला आता पुरे ना?"

लेकीने चमचा खाली ठेवला. "आई, माझ्या ताटाबद्दल बोलायचं नाही, असं ठरलंय आपलं."

ती चिडली नव्हती. दार लावून घे म्हणावं इतक्या साध्या आवाजात तिने ते सांगितलं. ताई जेवता जेवता थांबली आणि भाचीकडे बघत राहिली.

"असं म्हणता येतं?" ताईने विचारलं.

"का नाही येत, मावशी?"

त्या दिवशी ताई बराच वेळ ताटावर बसून होती.

मग मागच्या वर्षी केंद्रातून फोन आला. मॅडम आता थकल्या होत्या, कारभार त्यांच्या मुलीकडे होता. तिला सगळे धाकट्या मॅडम म्हणत. त्यांना जुन्या सामानात तो बोर्ड सापडला होता, आणि ते फोटो दोन बहिणींचे आहेत हे त्यांना मॅडमकडून कळलं होतं. त्या म्हणाल्या, तुमच्या ताईंना घेऊन या, एक फार चांगली कल्पना आहे. मी टाळाटाळ करीत होते. ताईच म्हणाली, "जाऊन तर बघू, काय म्हणतात."

गुलाबी भिंती जाऊन तिथे आता पांढऱ्या भिंती आणि कुंड्यांमधली हिरवी झाडं आली होती. काटा कुठे दिसत नव्हता. धाकट्या मॅडम उठून उभ्या राहिल्या, ताईचा हात दोन्ही हातांत घेतला आणि आम्हाला बसवून संगणकाच्या पडद्यावर जाहिरातीचं चित्र दाखवलं. एका बाजूला तो जुना बोर्ड, दुसऱ्या बाजूला ताईच्या आजच्या फोटोसाठी मोकळी जागा. वर लिहिलं होतं: वीस वर्षांपूर्वी आम्ही हिला बदलायला सांगितलं. आज आम्ही बदललो.

"तुम्ही यात मनमोकळं हसायचं," धाकट्या मॅडम ताईला म्हणाल्या. "तुमच्यासारख्या बायकांना बघून किती जणींना धीर येईल, विचार करा."

ताईने चित्र नीट पाहिलं. मग पलीकडच्या खोलीकडे बोट केलं. काचेतून पांढरा फ्रिज आणि पांढऱ्या कोटातल्या एक डॉक्टर दिसत होत्या. "तिथे काय चालतं?"

"ते भूक कमी करणारं इंजेक्शन. आठवड्याला एक. ज्यांना हवंय त्यांनाच, आम्ही कुणावर लादत नाही."

"त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," ताई म्हणाली. "औषध ते औषध. त्याने साखर आटोक्यात आलेली माणसं माझ्या खुर्चीत रोज बसतात. मला एवढंच सांगा, जुन्या फोटोखाली तुम्ही काय लिहिणार?"

"काही नाही. नुसता फोटो."

"म्हणजे ती बारीक बाई मीच होते, असंच लोक समजणार."

धाकट्या मॅडम म्हणाल्या, "इतक्या बारकाव्यात कुणी जात नाही हो."

"मग लिहा ना, की ती माझी बहीण होती. तिचे छत्तीस किलो कधी उतरलेच नव्हते आणि माझेही नाहीत."

"ते आम्हाला वकिलांना विचारावं लागेल. आणि आता त्याची खरंच गरज आहे का?"

"मला आहे," ताई म्हणाली. तिने पर्स उचलली. "तेव्हा तुम्ही मला न विचारता आधीची बाई केलंत. आता विचारून नंतरची करताय. मधल्या काळात मी कुठे होते, ते तुम्हाला नकोच आहे."

जिना उतरताना मी तिच्या मागून चालत होते. खाली रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "बरं झालं तू बोललीस."

ती वळली. "आणि तू का नाही बोललीस?"

वीस वर्षांपूर्वी बोलायचं राहिलं ते एक वेळ लहान वयावर ढकलता येत होतं. आता मी पंचेचाळीस वर्षांची बाई होते आणि त्या खोलीत पूर्ण वेळ माझे हात मांडीवर ठेवून बसले होते. ताईने रिक्षा थांबवली आणि एकटीच निघून गेली.

त्या रविवारी ती जेवायला आली नाही. मला घरात काही सुचेना. सारखं मनात यायचं की फसवलं ते एकट्या ताईला नव्हतं. तो बोर्ड बघून किती बायका काट्यावर चढल्या असतील. चेहरे आठवायला गेले तर एकच ठळक आठवला, गणिताच्या बाईंचा. त्यांच्या जुन्या शाळेत चौकशी केली. त्या निवृत्त झाल्या होत्या, पण शिपाईकाकांना घर माहीत होतं. शनिवारी दुपारी मी गेले.

पहिल्या मजल्यावरचं साधं घर. दार उघडणाऱ्या बाईंना मी विचारलं, "गणिताच्या बाई आहेत का?"

"मीच ती," त्या म्हणाल्या. त्या इतक्या बारीक झाल्या होत्या की मी ओळखलंच नाही. आत शिकवणीचं लांब टेबल होतं, भिंतीला फळा. मी कोण ते सांगितलं. त्यांना मी आठवत होते. त्यांच्या समोर बसून मी फोटोची सगळी हकीकत सांगितली, एकही शब्द हातचा न राखता.

माझं झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं."

"फोटोबद्दल?"

"नाही. आकड्याबद्दल. छत्तीस किलो, दीडशे दिवस. म्हणजे रोजचं पाव किलोला थोडंच कमी. तुमच्या कागदावर दिवसाला जे खायला दिलं होतं ते मी मांडलं, माझ्या शरीराला जे लागतं ते मांडलं, वजाबाकी केली. सगळं काटेकोर पाळलं तरी पंधराच्या वर जात नव्हतं. तीन वेळा केलं. तीनही वेळा तेच."

"मग तुम्ही आलात कशाला पुढे?"

त्या फळ्याकडे बघत बोलायला लागल्या. "मुलांना मी नेहमी सांगायचे, पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून गणित करू नका, पुस्तकही चुकू शकतं. आणि स्वतःच्या वेळेला काय केलं? बोर्डावर उत्तर छत्तीस दिलंय, माझं पंधरा येतंय, म्हणजे माझंच चुकतंय. म्हणून कागदात दिलं होतं त्याच्या निम्मंच खायला लागले. आठवीच्या वर्गात फळ्यासमोर चक्कर येऊन पडले. हा पुढचा अर्धा दात त्या दिवशीचा आहे."

त्यांनी ओठ थोडा वर करून दात दाखवला. मला वर बघवेना.

"आता मी ते इंजेक्शन घेते," त्या म्हणाल्या. "साखरेसाठी डॉक्टरांनी दिलं. वीस किलो उतरले. वाटेत भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, काय निश्चय आहे हो तुमचा. खरं सांगू का, निश्चय तेव्हाही एवढाच होता. त्याहून जास्तच. आता फक्त भूक कमी लागते. एवढ्याशा फरकासाठी मी आयुष्यभर स्वतःला आळशी समजत आले." त्यांनी एक वही पुढे ओढली. "हे तुम्ही लिहून द्याल? आत्ता सांगितलंत तसंच, खाली सही करून. माझ्यासारख्या आणखी असतील. त्यांना कळू दे."

त्यांनी त्या वहीतले चार कागद काढून दिले. शिकवणीच्या त्या टेबलावर बसून मी लिहिलं. लिहायला तास गेला. पण कागद त्यांच्या हातात देताना मी थबकले.

"हे आज देत नाही," मी म्हटलं. "यात माझी बहीण आहे. तिला आधी विचारायला हवं. मागच्या वेळी विचारलं नव्हतं."

बाईंनी मान हलवली. "विचारा. आणि तुम्ही आलात हे चांगलं केलंत. पण आज मी तुम्हाला चहा विचारणार नाही."

मी तिथून थेट ताईकडे गेले. तिने दार उघडलं, मी कागद पुढे केले. तिने उभ्याउभ्याच वाचले, मग बसून पुन्हा एकदा वाचले. मी म्हटलं, "ताई, माझं चुकलं. तेव्हाही आणि परवाही." एवढेच शब्द होते. ते तोंडून निघायला वीस वर्षं लागली.

ताईचा चेहरा लाल झाला. तिला रागावलेलं मी आयुष्यात क्वचितच पाहिलं होतं. "तुला माहितेय, मला काय लागलं?" ती म्हणाली. "फोटो नाही. जाड तर मी होतेच, आहे. मी तो नवा निळा ड्रेस घालून आले होते. तू बघितलंस मला तो बदलताना, आणि गप्प उभी राहिलीस. नंतर किती वर्षं लोक मला विचारत होते, परत कसं वाढू दिलंत. जे मी कधी गमावलंच नव्हतं ते परत आल्याबद्दल मी लोकांची माफी मागत होते. आईसुद्धा मरेपर्यंत शेजारणीला सांगायची, ही एकदा बारीक झाली होती म्हणून. तिचा त्यावर विश्वास बसला होता."

हे मला माहीत नव्हतं. मी रडायला लागले तेव्हा तिने मला थांबवलं. "आता रडू नकोस. तू रडलीस की मला तुझी समजूत घालावी लागते. आज माझी इच्छा नाही." मग जरा शांत आवाजात म्हणाली, "ठीक आहे असं मी लगेच म्हणणार नाही. कागद ठेवून जा."

दोन रविवार ती आली नाही. फोन केला तर कामाचं तेवढं बोलायची. लेक म्हणाली, "मावशीला तिचा वेळ घेऊ दे." तिसऱ्या रविवारी दुपारी खालून तिचाच फोन. "तुमची बेल बिघडलीय. कधीची उभी आहे, दार उघड."

कागद तिने बरोबर आणले होते. एका ठिकाणी पेनाने खोडलं होतं. मी लिहिलं होतं, माझी अंगाने भरलेली मोठी बहीण. तिने ते काढून स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, माझी जाड मोठी बहीण.

"आडवळणाने लिहू नकोस," ती म्हणाली. "तू लपवलंस की ती शिवी होते. दे आता कुणाला द्यायचं त्यांना."

बाईंनी त्याची एक प्रत केंद्राला पाठवली आणि एक वर्तमानपत्राला. लेकीने माझी परवानगी घेऊन ते इंटरनेटवर टाकलं. पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी आली. केंद्राने दोन ओळींचा खुलासा केला की त्या काळच्या जाहिरातीतली छायाचित्रं केवळ प्रतीकात्मक होती. त्यांची नवी जाहिरात महिन्याभरात दुसऱ्याच एका जाड, हसऱ्या बाईचा फोटो घेऊन झळकली. ती बाई कोण, तिला काय सांगितलंय, कोण जाणे. दोन ओळखीच्या बायकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मी त्यांना हौसेने त्या केंद्रात नेलं होतं.

आणि पत्रं आली. दीडशेच्या वर. एका रविवारी जेवणं झाल्यावर लेक ती मोठ्याने वाचायला बसली. कुणी लग्नाआधी सहा आठवडे नुसतं सूप प्यायलं होतं. कुणी आपल्या दहा वर्षांच्या मुलीला तो बोर्ड दाखवायला नेलं होतं आणि आता त्या मुलीसमोर उभं राहायची लाज वाटत होती. एकीने लिहिलं होतं की मला अजूनही बारीकच व्हायचंय, कुणी काही म्हणो, पण निदान आता आकडा खरा सांगा. एकीने मला नुसत्या शिव्या घातल्या होत्या. लेक ते पत्र गाळायला निघाली. ताई म्हणाली, "वाच. तेही वाच." मी पूर्ण ऐकलं.

उन्हं कलली तरी निम्मीही वाचून झाली नव्हती. ताईने चपला घातल्या. "राहिलेली पुढच्या रविवारी," ती म्हणाली. मी तिला पोचवायला खाली गेले. नाक्याजवळ तिने विचारलं, त्या गणिताच्या बाई कुठे राहतात, मला त्यांना भेटायचंय. मी पत्ता सांगितला. तिने तो फोनमध्ये लिहून घेतला, माझ्या दंडावर थोपटल्यासारखं केलं आणि आपल्या गल्लीकडे वळली.